ओरडायला एक माणूस

“गाडीखाली एकटी जाऊ नकोस, केतकी. जायचंच असेल तर मला सांगून जा. मी दारात खुर्ची टाकून बसते.”

मोघेबाई त्यांच्या फाटकात उभ्या होत्या आणि मी आमच्या. माझ्या एका कडेवर माझी लेक जुई होती आणि दुसऱ्या हातात नवाकोरा पाना. साताऱ्यातल्या त्या कॉलनीतली आमची घरं जुळी. मधली भिंत एकच, पुढच्या अंगणात गुडघ्याएवढा कट्टा. त्यामुळे माझ्या घरात काय चाललंय हे कळायला बाईंना फार कष्ट पडत नसत. मलाही त्यांचं कळायला पडत नसत, पण मी तो विषय काढत नसे.

“तुम्ही बसून काय करणार, बाई?” मी हसून विचारलं. “गाडी अंगावर आली तर उचलणार आहात का?”

“उचलणार नाही. ओरडेन तरी.”

बाईंनी आयुष्यभर मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला होता. त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा, हे त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी अजून रस्त्यात थांबून सांगत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एक भाची पुण्याला. तेव्हा तो सगळा आवाज आता माझ्या वाट्याला आला होता. जुईला टोपी घाल. जुईची टोपी काढ, उकडतंय. कुकरची शिट्टी बदल. आणि आता हे.

“मला राखणीला कोणी नकोय,” मी म्हटलं. “माझं मी बघेन.”

हे वाक्य खरं तर फलटणला पोचवायचं होतं, माझ्या सासऱ्यांना. बाई समोर होत्या म्हणून त्यांना मिळालं.

बाईंनी चष्मा वर सरकवला. वर्गात त्या असं केल्यावर काय व्हायचं हेही त्या विद्यार्थिनींनी मला सांगितलेलं होतं.

“बरं,” त्या म्हणाल्या. “मग माझी किल्ली दे परत. तुला म्हातारीची गरज नाही, तर म्हातारीने तरी तुझ्यावर का भार टाकावा?”

त्यांच्या घराची जादा किल्ली आमच्याकडे असायची. तिला इवलासा पृथ्वीचा गोल लटकवलेला होता आणि तो दात येताना चावून चावून जुईने अख्खं आफ्रिका खंड पुसून टाकलं होतं. मी आत गेले, किल्ली काढली आणि कट्ट्यावर ठेवली. हातात दिली नाही. बाईंनीही ती माझ्यादेखत उचलली नाही. दोन सुशिक्षित बायकांमध्ये अबोला सुरू व्हायला याहून जास्त काही लागत नाही.

आता गाडीचं सांगते, नाहीतर मी हौसेखातर गाडीखाली शिरत होते असं वाटेल.

मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलंय. एखादी गोष्ट घडण्याची शक्यता किती कमी आहे, हे मला सूत्रासकट माहीत असतं. पण जुई झाल्यावर ती सगळी सूत्रं मी उलटी वापरायला लागले. द्राक्ष घशात अडकण्याची शक्यता, पडद्याची दोरी गळ्यात पडण्याची शक्यता, पंखा निखळण्याची शक्यता. ती झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून बसायचे आणि त्या बोटाने ती जागी व्हायची. मग ती का झोपत नाही याची काळजी मी पुढच्या रकान्यात घालायचे.

सुधन्वा, म्हणजे माझा नवरा, कच्छमधल्या एका बंदरावर नोकरीला. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांचं म्हणणं, एवढ्याशा लेकराला घेऊन एकटीने साताऱ्यात राहायचं काय कारण? फलटणला ये. रात्रीबेरात्री पोरीला ताप आला तर काय करशील?

त्यावर उत्तर म्हणून मी गाडी घेतली. एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने वापरलेली, चंदेरी रंगाची, मागच्या काचेवर अजून त्यांच्या नातवाचं ‘बाबू’ हे नाव लिहिलेली. “ताप आला तर मी दहा मिनिटांत दवाखान्यात असेन,” असं मी अण्णांना फोनवर ठणकावलं होतं. त्यानंतर ताप असा आलाच नाही, पण गाडी दारात उभी आहे एवढ्यानेच मला झोप लागायची.

अण्णा त्या आठवड्यात येणार होते. “तुमचं कसं काय चाललंय ते डोळ्यांनी बघतो,” म्हणाले. त्याचा अर्थ मला कळत होता. मी म्हटलं, “स्टँडवर रिक्षा करू नका, मी गाडी घेऊन येते.” सकाळची एसटी होती. फाटकातून गाडी झोकात आत घ्यायची, चहा टाकायचा, आणि फलटणचा विषय तिथेच मिटवायचा, असा माझा बेत होता.

आणि त्याच आठवड्यात गाडीचं तेल बदलायला झालं. बाळू मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये घेऊन गेले तर ते खाली वाकून बघून आले आणि म्हणाले, “ताई, फिल्टर पार बसलाय. कुणीतरी मागे लई आवळलेला दिसतोय. दोन दिवस ठेवून जावा, करून देतो.”

दोन दिवस. दोन दिवस गाडी गॅरेजात, आणि नेमका तेव्हाच जुईला ताप आला तर? छे. गाडी दोन दिवस हातची जाऊ नये म्हणून मी ती स्वतःच उघडायचं ठरवलं. यातला विनोद मला तेव्हा दिसला नाही.

मी व्हिडिओ बघितले. ऑइल फिल्टर म्हणजे इंजिनाच्या पोटाला खालून लटकलेला पत्र्याचा डबा, पाणी प्यायच्या पेल्याएवढा. तेलातला गाळ तो धरून ठेवतो. तेल बदललं की तोही बदलायचा. त्याला आटे असतात, फिरवला की निघतो. व्हिडिओतला माणूस तर तो बोलता बोलता, दुसरीकडेच बघत काढायचा.

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जुईला भरवून, न्हाऊ घालून झोपवलं. तिच्या पाळण्यावर कॅमेरा होता, त्याचं चित्र आणि आवाज माझ्या फोनवर यायचा. फोन गळ्यात अडकवला. गाडीची पुढची चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवली होती, मागच्या चाकांना विटा लावल्या होत्या. जुनं गोणपाट अंथरलं, आणि कोणालाही न सांगता गाडीखाली सरकले. सरकताना बाईंच्या दाराकडे एक नजर टाकली. दार बंद होतं. पायरीवर रांगोळी नव्हती. पेपर अंगणात तसाच पडलेला होता.

राग बघा केवढा, मी मनात म्हटलं. रोज सूर्योदयाला रांगोळी काढणारी बाई, पण माझं तोंड दिसू नये म्हणून दारच उघडलं नाही.

कट्ट्यावरची किल्ली मात्र गेलेली होती.

तेलाचा बोल्ट बाजूने होता, तो बिचारा सहज निघाला. जुनं काळंभोर तेल घमेल्यात पडलं. मला इतका आनंद झाला की त्याचा फोटो काढून सुधन्वाला पाठवला. मग फिल्टरला हात घातला.

तो हलला नाही. हाताने नाही, फडक्याने नाही, पॉलिश पेपर गुंडाळून नाही. मग माझा नवा पाना काढला. लांब दांडा आणि पुढे रबरी पट्ट्याचा फास. पट्टा डब्याला गुंडाळायचा, दांडा ओढायचा. ओढला. पट्टा सुर्रकन फिरला आणि कोपर चासीवर आपटलं. फिल्टर होता तिथेच.

तोवर सुधन्वाचा फोन आला. व्हिडिओ कॉल. मी तो पोटावरच उचलला.

“मला नुसतं काळं दिसतंय,” तो म्हणाला.

“तेच आहे. इंजिन.”

“तेल आधी काढलंस? अगं, आधी फिल्टर सैल होतोय का ते बघायचं, मग तेल काढायचं. आता नाही निघाला तर गाडी चालवता पण येणार नाही.”

“हे व्हिडिओत सांगितलं नव्हतं.”

“आणि फिरवतेयस कुठल्या बाजूला?”

“मी खालून बघतेय ना. खालून सगळं उलटं होतं. ते धरूनच फिरवतेय.”

“म्हणजे नक्की कुठल्या—”

“सुधन्वा, मी एम.एस्सी. आहे.”

त्याने फिरवण्याचा विषय सोडला. “मोघेबाईंना तरी बोलव. बॅटरी धरतील.”

“आमचं बोलणं नाहीये.”

“कधीपासून?”

“कालपासून.”

“मग मोडेल संध्याकाळपर्यंत,” म्हणत त्याने फोन ठेवला. त्याला कोणीतरी तिकडे हाका मारत होतं. मला कोणीच मारत नव्हतं, आणि ते बरंच आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

मग हातोडी घेतली. पान्याच्या दांड्यावर ठोकायचं, धक्क्याने सुटतो, असं कोणीतरी व्हिडिओखाली लिहिलेलं होतं. ठण्, ठण्, ठण्. थांबले. फिल्टर तसाच.

आणि फोनमधून आवाज आला. टक्, टक्, टक्.

जुईच्या खोलीची भिंत म्हणजे बाईंच्या न्हाणीघराची भिंत. बाई पलीकडून भिंतीवर काहीतरी आपटत होत्या. माझी हातोडी त्यांना सहन होत नव्हती, उघडच आहे. बोलायचं नाही, पण ठोकून दाखवायचं. मी ओठ आवळले आणि पुन्हा ठोकलं. ठण्, ठण्. थांबले. टक्, टक्.

सांगायला लाज वाटते, पण मला जरा मजाच यायला लागली. त्या दोन, तर मी तीन. त्या तीन, तर मी चार. त्या न्हाणीघरात, मी गाडीखाली, अशा आम्ही दोघी भांडत होतो आणि मला वाटत होतं, मी जिंकतेय.

फिल्टर मात्र जिंकू देत नव्हता. शेवटचा उपाय उरला होता. मोठा स्क्रूड्रायव्हर डब्याच्या आरपार ठोकायचा आणि त्याचाच दांडा करून फिरवायचा. मी ठोकला. डब्यात राहिलेलं तेल माझ्या मनगटावरून कोपरात, कोपरातून बगलेत आणि तिथून केसांत गेलं. सगळं बळ लावून फिरवलं. पत्रा टरकला. नुसता टरकला, निघाला नाही. आता इंजिनाखाली एक फाटका डबा, त्यात घुसलेला स्क्रूड्रायव्हर, आणि घमेल्यात गाडीचं सगळं तेल. अण्णा उद्या सकाळी स्टँडवर उतरणार होते.

मी तशीच पडून राहिले. हातोडी बाजूला ठेवली. बराच वेळ काहीच ठोकलं नाही.

टक्, टक्, टक्.

मी फोन उचलून बघितला. जुईने कूस बदलली, तोंड वेडंवाकडं केलं. टक्, टक्. तिने एक डोळा उघडला.

आता मात्र हद्द झाली. मी थांबले तरी ही बाई थांबत नाही. पोर झोपलीय हे माहीत असून. मी गाडीखालून सरपटत बाहेर आले. आमच्या कट्ट्यावरून ढांग टाकली आणि बाईंच्या दाराकडे निघाले. काय काय बोलायचं ते तोंडात तयार होतं. बेल दाबायला हात वर केला, आणि तो हात तसाच राहिला.

त्याआधीच्या महिन्यात भंगारवाला भोंगा लावून गल्लीत आला होता. जुई नुकतीच झोपलेली. मी खिडकीशी जाईपर्यंत मोघेबाई रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या, त्याच्या गाडीसमोर, हात आडवा करून. “बाळ झोपलंय,” त्याला म्हणाल्या. “हे घर संपेपर्यंत भोंगा बंद. पुढे गेल्यावर काय ते ओरड.” तेव्हापासून तो माणूस आमच्या दारावरून चोरासारखा जायचा.

जुईच्या झोपेच्या वेळी बाई स्वतःच्या घरातही चपला काढून चालायच्या. त्या भिंतीवर ठोकतील? माझ्यावर कितीही रागावल्या तरी, जुई झोपलेली असताना?

टक्, टक्. गळ्यातल्या फोनमधून आला आवाज. या वेळी जरा हळू.

मी बेल दाबलीच नाही. घराला वळसा घालून मागे धावले. मागच्या बोळात बाईंच्या न्हाणीघराचा झरोका उघडतो, वर, आडव्या काचांचा. खाली धुण्याचा दगड होता, त्यावर चढले.

“बाई?”

आतून उत्तर आलं. आवाज नेहमीचा नव्हता. पहिल्या बाकापर्यंतसुद्धा पोचला नसता.

“केतकी का? निघाला का गं तो?”

“काय निघाला का?”

“सकाळपासून ठोकतेयस तो.”

मी झरोक्याच्या दोन काचा सरकवून काढल्या. आत अंधार होता. डोळे सरावल्यावर दिसलं, एक स्टूल आडवं पडलेलं, आणि बाई फरशीवर एका कुशीवर. एक पाय विचित्र वळलेला. हातात पितळी तांब्या.

“हलू नका,” मी म्हटलं.

“हलता आलं असतं तर तुझ्याशी तांब्याने कशाला बोलले असते?”

“मला वाटलं, तुम्ही माझ्यावर रागावून...”

“रागावलेच होते. म्हणून काय असं ठोकेन होय? जुई उठली का?”

“नाही.”

“बरं झालं. मला तीच काळजी. पण दुसरं काही हाताशीच नव्हतं.”

“ओरडायचं ना, बाई.”

“शुद्धीवर आल्यावर ओरडले गं. खूप ओरडले. पण तुझ्या त्या ठणठणाटात ऐकू कुठलं जायला? म्हटलं, हिला ठोकायचीच भाषा कळतेय आज, तर तीच बोलू.”

मी दगडावरून पडता पडता वाचले. “किल्ली कुठाय?”

“माझ्या पदराला,” त्या म्हणाल्या. “काल मीच मागून घेतली ना.”

पुढचं दार आतून बंद. मागचं, स्वैपाकघराचं दारही आतून कडी लावलेलं. त्या दाराशेजारी स्वैपाकघराची खिडकी आहे, तिला गज. खिडकीतून हात घातला. बोटांच्या टोकापासून कडी वीतभर लांब. दोनदा खांदा गजात अडकला. मग मी धावत गाडीकडे गेले आणि तो पाना घेऊन आले. लांब दांडा, पुढे पट्ट्याचा फास. फास कडीच्या मुठीत अडकवला, ओढला, निसटला. पुन्हा अडकवला. सकाळपासून जो पाना एका डब्याला हलवू शकला नव्हता, त्याने ती कडी एका ओढीत उघडली.

आत गेले तेव्हा बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. केसांतून तेल ओघळत होतं, गालावर काळे पट्टे, कोपर सोललेलं.

“तुला काय झालं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. तुम्हाला काय झालं?”

त्यांनी वर बोट दाखवलं. न्हाणीघराच्या छताला काचेच्या बरणीसारखं झाकण असलेला दिवा होता. आतला बल्ब गेलेला. तो बदलायला म्हणून बाई भल्या पहाटे स्टुलावर चढल्या होत्या. झाकण काही सुटेना. जोर लावला आणि स्टूल सरकलं.

“एकट्या?” मी विचारलं. “मला सांगून चढायचं ना.”

“तुझ्याशी बोलत नव्हते ना.”

मी त्यांच्या डोक्याखाली उशी सरकवली, अंगावर पांघरूण घातलं आणि १०८ला फोन केला. एवढं सगळं होत असताना एक विचार माझ्या डोक्यात सारखा येत होता. दहा मिनिटांत दवाखान्यात पोचायचं म्हणून घेतलेली गाडी बाहेर उभी होती, आणि तिचं सगळं रक्त मी सकाळीच घमेल्यात काढून ठेवलेलं होतं.

रुग्णवाहिका आली. जुईला उठवून, पोटाशी झोळीत बांधून मी दारात उभी राहिले. गाडीतून उतरलेला माणूस सरळ माझ्याकडेच आला. “कुठं लागलंय, ताई? बसा, बसा खाली.”

“मला नाही. आत.”

“मग हे काय?”

“हे तेल आहे.”

त्याने जुईकडे बघितलं, माझ्या केसांकडे बघितलं आणि आत गेला. स्ट्रेचर बाहेर आणताना ते आमच्या फाटकावरून गेलं. बाईंनी मान वळवून ठोकळ्यांवर चढलेल्या गाडीकडे बघितलं, तिच्याखालच्या घमेल्याकडे बघितलं.

“जरा थांबा,” त्या स्ट्रेचरवाल्यांना म्हणाल्या. ते थांबले. “केतकी, तो स्क्रूड्रायव्हर तसाच ठेवायचा असतो का?”

“नाही, बाई.”

“मला वाटलंच. चला.”

खुब्याचं हाड मोडलं होतं. संध्याकाळी पुण्याहून भाची आली, तेव्हा मी घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांना फोन करून सांगितलं, रिक्षाने या. त्यांनी कारण विचारलं नाही. ते आले, फाटकात उभे राहिले, आणि गाडीखाली वाकून बराच वेळ बघत राहिले.

“हे कोणी केलं?”

“मी.”

“हं,” अण्णा म्हणाले. अण्णांचं ‘हं’ म्हणजे फलटणच्या गाडीचं आरक्षण.

बाईंचे कपडे आणि चष्म्याचं घर न्यायचं होतं. भाचीने किल्ली माझ्याकडे दिली होती, पृथ्वीच्या गोलासकट. न्हाणीघरात अंधार, आणि स्टूल अजून आडवंच. मनात आलं, हा बल्ब तेवढा बदलून टाकावा, बाई परत येतील तेव्हा उजेड असावा.

मी स्टुलावर एक पाय ठेवला, आणि काढून घेतला. बाहेर येऊन हाक मारली, “अण्णा, जरा येता का? स्टूल धरायचंय.”

ते आले. एका हाताने त्यांनी जुईला धरलं, दुसऱ्याने स्टूल. मी वर चढले. मान वर करून झाकणाला हात घातला आणि फिरवलं. जरा कुरकुरलं, मग सुटलं. एक वेढा, दुसरा वेढा, आणि काचेचं झाकण अलगद हातात आलं.

मी तशीच उभी राहिले.

“काय झालं?” खालून अण्णा.

मी माझ्या हाताकडे बघत होते. छताकडे बघत, खालून, हात डावीकडे फिरवला होता. काही विचार न करता. कोणीही फिरवील तसा. खालून सगळं उलटं होतं वगैरे काही नसतं. लटकलेली वस्तू खालून बघितली तरी ती झाकणासारखीच सुटते. काल सकाळपासून दुपारपर्यंत, पान्याने, हातोडीने, स्क्रूड्रायव्हरने, मी त्या फिल्टरला जिवाच्या आकांताने घट्ट बसवत होते.

“अण्णा,” मी म्हटलं, “मला गाडीखाली जायचंय. तुम्ही फाटकाशी खुर्ची टाकून बसाल?”

“मला त्या गाडीतलं काही कळत नाही.”

“कळायला नकोय. काही झालं तर ओरडायचं.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी आतून खुर्ची आणली, फाटकाशी मांडली, जुईला मांडीवर घेतलं आणि बसले. मी गाडीखाली शिरले. आता तो फिल्टर बाळू मिस्त्रींच्या वेळेपेक्षाही पक्का झालेला होता, त्याला कारण मीच. स्क्रूड्रायव्हर नव्या जागी ठोकावा लागला, पत्रा आणखी फाटला. दर थोड्या वेळाने वरून आवाज यायचा, “आहेस ना?” आणि मी खालून म्हणायचे, “आहे.” खरं सांगते, त्या ‘आहेस ना’ने हात किती हलका होतो, हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत.

कधीतरी तो कर्रर्र करून हलला. इतका हळू हलला की मला खरंच वाटेना.

“निघाला का?” अण्णांनी विचारलं.

“निघाला.”

“हं,” ते म्हणाले. पण हे ‘हं’ वेगळं होतं.

नवा फिल्टर बसवला, नवं तेल ओतलं आणि दुपारी आम्ही तिघं त्याच गाडीतून दवाखान्यात गेलो. मी बाईंना फाटका फिल्टर कागदात गुंडाळून नेऊन दाखवला. त्यांनी तो फिरवून फिरवून बघितला, नकाशावरचं एखादं बेट बघावं तसा.

“तू उलटा फिरवत होतीस,” त्या म्हणाल्या.

“तुम्हीही झाकण उलटंच फिरवत होतात. नाहीतर सुटलं असतं.”

बाईंनी यावर विचार केला. “शक्य आहे,” त्या म्हणाल्या. शेजारच्या खाटेवरच्या बाई हसायला लागल्या, मग अण्णा. फलटणचा विषय त्या दिवशी निघाला नाही. नंतर निघाला तेव्हा अण्णाच म्हणाले, “शेजार सोडून कशाला येतेस?”

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. जुई शाळेत जाते आणि भूगोल मोघेबाईंकडे बसून करते. बाई काठी घेऊन चालतात. किल्ली आमच्या खुंटीवर असते, आमची त्यांच्याकडे. स्टुलावर चढायचं असेल तर त्या भिंतीवर तांब्या वाजवतात आणि मी जाऊन स्टूल धरते. मी गाडीखाली गेले की फाटकाशी त्यांची खुर्ची येते. अधूनमधून आम्ही भांडतो. अबोला धरतो तेव्हा किल्ल्यांना हात लावायचा नाही, एवढा एक नियम केलाय.

तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या शेजारी, वरच्या मजल्यावर, समोरच्या दारात कोणी एकटं राहत असेल तर जरा जाऊन बघा. दारातला पेपर तसाच पडलेला दिसला की आपण जातो, निदान जावंसं वाटतं तरी. मी मात्र तो पेपरही बघितला होता आणि भिंतीवरचा आवाजही ऐकला होता. सगळं बघितलं, सगळं ऐकलं आणि त्याचा अर्थ एकच लावला, की हे माझ्याविरुद्ध चाललंय. तेव्हा ज्यांच्याशी तुमचं बोलणं नाही, ज्यांचा आवाज आला की तुम्हाला वाटतं, चाललंय यांचं मुद्दाम, त्यांच्याकडे आधी जा. कडी वाजवा, आणि नुसतं विचारा, आहात ना? आत्ता गेलात तरी चालेल. माझी गोष्ट संपलेली आहे.